जमिनीखालचं मला कळतं

सैन्यात माझं काम जमिनीत पुरलेले सुरुंग काढायचं होतं. एकाहत्तरची लढाई दोन आठवड्यांत संपली, पण तिच्यासाठी पुरलेले सुरुंग काही तिच्याबरोबर संपले नाहीत. काही आमचे आम्हीच पुरलेले होते, काही समोरच्यांनी. आणि राजस्थानच्या सरहद्दीवर ज्यांची शेतं, ज्यांची मेंढरं, ते लोक छावण्यांतून घरी परतायला निघाले होते. बाहत्तर आणि त्र्याहत्तर ही दोन वर्षं मी त्या वाळूत पोटावर पडून काढली. हे मोठेपणा मिरवायला सांगत नाही. मिरवायचा तेवढा मी तेव्हाच मिरवून घेतला, आणि त्याचीच ही हकीगत आहे.

आधी मशीन काय होतं ते सांगून टाकतो, कारण सगळा घोळ त्या मशीनवरून झाला. एका लांब दांड्याच्या टोकाला ताटाएवढी चकती. पाठीवर बॅटरीची पेटी, कानांवर हेडफोन. चकती जमिनीपासून चार बोटं वर धरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे संथपणे फिरवायची. कानात सारखी एक बारीक गुणगुण चालू असायची. खाली लोखंड आलं की ती चढायची. एवढंच. त्या मशीनला लोखंड कळायचं, दुसरं काही नाही. खाली सुरुंग आहे, तोफगोळ्याची कपची आहे की कुणाच्या जोड्याची नाल आहे, हेही त्याला सांगता येत नसे. शिवाय समोरच्यांचे कितीतरी सुरुंग लाकडी पेट्यांतले होते. त्यांच्यावरून मशीन मुकाट पुढे जायचं.

म्हणून मशीनच्या मागोमाग सळई. हातभर लांब, टोकदार. पोटावर पडून ती वाळूत तिरकी खुपसायची; सरळ नाही, कारण सुरुंग माथ्यावर दाब पडला की फुटतो आणि तिरकी सळई त्याच्या कुशीला लागते. चार बोटं पुढे सरकायचं, पुन्हा खुपसायची. काही कडक लागलं की सळई ठेवून बोटांनी वाळू बाजूला करायची. जेवढी जमीन तपासली तेवढीच्या दोन्ही कडांना पांढरी पट्टी अंथरायची, आणि पट्टीबाहेर पाय टाकायचा नाही. वीस मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण त्यानंतर हाताला घाई सुटते.

आमच्या हवालदारांची आणखी एक शिस्त होती. जमिनीच्या नव्या तुकड्यात शिरण्याआधी ते तिथल्या मेंढपाळांना बोलावून बसवायचे, बिडी द्यायचे आणि विचारायचे, मेंढरू कुठं उडालं, बायका कुठून जायचं टाळतात, वाळू कुठली कुठं सरकली. आमच्याकडे नकाशा असायचा, तरी विचारायचे. वाऱ्यानं वाळू हलते, तिच्यासोबत सुरुंगही हलतो, नकाशा मात्र होता तसाच राहतो. हे सगळं मला चांगलं ठाऊक होतं. अडाणीपणानं काही केलं असतं तर आज इतकी लाज वाटली नसती.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत दोन महिन्यांची रजा मिळाली. गंगाखेडला रेल्वेतून उतरलो आणि राणीसावरगावच्या एसटीत बसलो. दुष्काळ होता. खिडकीतून ज्वारी दिसायला हवी होती तिथं ढेकळं दिसत होती, आणि रस्त्याच्या कडेनं बायका-माणसं ओळीनं बसून खडी फोडत होती. त्यांत ओळखीचे चेहरे दिसायला लागले तेव्हा कळलं की आपला फाटा जवळ आला.

आमची वस्ती गावाच्या उगवतीला, गावापासून जरा तुटून. छप्पन साली वस्तीनं बौद्ध धर्म घेतला, मेलेली जनावरं ओढणं सोडलं, घरातले देव नदीत सोडले, पण पाण्याचं गाऱ्हाणं होतं तिथंच राहिलं. गावात पिण्याच्या पाण्याचा आड एकच. आमच्या बायका कठड्यापासून चार हात लांब घागरी मांडून बसायच्या, आणि पाणी भरायला आलेल्या कुणाला दया आली की ती वरून ओतायची. कायद्यानं काय काय बंद केलं होतं ते कायद्याला माहीत. एरवी तासाभरात काम व्हायचं. त्या साली आडाचा तळ दिसत होता, ज्याची त्याची घागर भरताना मारामार. आमच्या बायका सकाळी बसायच्या आणि दुपारी निम्म्या घागरी घेऊन उठायच्या.

फाट्यावरून गावात शिरताना पहिलं दुकान एका लिंगायत वाण्याचं होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, गोड बोलणं, आणि गावातली कुठलीही खबर आधी त्याच्याकडे. लहानपणी या दुकानातून मीठ-मिरची मी पायरीखाली उभं राहून घेतलेली. पुडी वरून पडायची, मी ओंजळीत झेलायचो. त्या दिवशी माझ्या अंगावर गणवेश होता, पायांत बूट होते. वाण्यानं मला पाहिलं आणि म्हणाला, "या की मिलटरी. वर या, बसा."

मी वर गेलो. पोत्यावर बसलो. त्यानं घरातून चहा मागवला आणि तो कानाच्या कपात आला, बशीसकट. माझ्या चुलत्यांना, त्यांचे केस पांढरे झाले तरी, तो 'तू' म्हणायचा. मला त्यानं 'तुमी' म्हटलं. आज हे लिहितानाही सांगायला संकोच वाटतो, पण त्या एका 'तुमी'नं माझं डोकं फिरलं.

"मिलटरीत काय काम करायलाव?" त्यानं विचारलं.

"सुरुंग काढतो. मशीन असतंय त्याला."

"मशीनीला जमिनीतलं दिसतंय म्हणतेत. खरं हाय का?"

"दिसतंय," मी म्हणालो.

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाणी थोडा पुढे वाकून म्हणाला, "मंग पाणी बी दिसत असंल."

इथं मी 'नाही' म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं. पण हातात कप होता, लोक बघत होते, आणि 'नाही' म्हटलं तर आपण पोत्यावरून उठून पुन्हा पायरीखाली जाऊ असं काहीतरी मला वाटलं. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "जमिनीखाली काय बी असू द्या, आमाला कळतंय."

दिवस मावळायच्या आत हे वाक्य वस्तीत जाऊन पोहोचलं, माझ्याही आधी.

माझे वडील मी लहान असतानाच गेले. थोरल्या चुलत्यांनी मला वाढवलं. मी त्यांना काका म्हणायचो. वस्तीत लिहिता-वाचता येणारे ते पहिले. कुणाचा अर्ज असो, कुणाचं पत्र असो, काकांकडे यायचं. मला शाळेत घातलं त्यांनीच, भरतीला परभणीला घेऊन गेले तेही तेच. मी शिकलेला, म्हणून पुढे पुढे ते मलाच विचारायला लागले. रेडिओवर काय सांगितलं, या औषधाचं प्रमाण किती, यंदा पाऊस येईल का, असं काहीही. मला काहीतरी जास्त कळतं, यावर त्यांचा ठाम विश्वास होता.

त्यांची वस्तीला लागून दीड एकर बरड जमीन होती, वर घरांपासून खाली ओढ्यापर्यंत उतरलेली. त्यात वस्तीची स्वतःची विहीर पाडायची हे त्यांच्या मनात वर्षानुवर्षं होतं. त्या साली त्यांनी ठरवलंच. जमीन ते देणार, खोदायचं सगळ्यांनी मिळून. दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची आणि ऊन उतरलं की विहिरीवर यायचं. प्रश्न एकच होता, जागा कुठली.

वाण्यानं आपण होऊन सांगितलं होतं की पालमकडचा एक पाणाडी त्याच्या ओळखीचा आहे, तो फुकट येईल. पाणाडी म्हणजे हातावर नारळ घेऊन रानात फिरणारा आणि नारळ उभा राहिला की इथं पाणी आहे म्हणणारा माणूस. काका दुकानात जाऊन चार लोकांसमोर त्याला सांगून आले, "नारळ फिरवायचं आमी छप्पन साली सोडलं. आमच्या पोराला सरकारनं सायन्स शिकवलंय. जागा त्यो दावील. आन् पाणी लागलं की आमच्या बाया तुमच्या आडावर बसणार न्हाईत."

हे त्यांनी मला रात्री जेवताना सांगितलं, मोठ्या आनंदात. मी म्हणालो, "काका, मशीन तिकडंच हाय. सोबत न्हाई आणलं."

"मशीन न्हाई तर न्हाई. इलम तर तुझ्यापाशी हाय की," ते म्हणाले.

खरं सांगायची ही दुसरी संधी होती. मी भाकरी कालवत राहिलो. साऱ्या गावात आमच्याच लोकांनी पाणाड्याला नको म्हटलं होतं, कारण आम्ही असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नव्हतो. आणि मी त्यांचा पाणाडी व्हायला निघालो होतो, फक्त नारळाऐवजी गणवेश घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू मला म्हणाली, "ओढ्याच्या अंगाला बग बाबा. खुरपताना तिथली माती हाताला वली लागती. उन्हाळ्यात बी."

काकू त्या रानात तीस वर्षं खुरपत होती. सरहद्दीवर असतो तर हवालदारांनी तिला बसवून घेतलं असतं आणि मी वहीत लिहून घेतलं असतं. इथं मी नुसता हसलो. एक तर तिच्या सांगण्यावर जागा धरली, तर माझा इलम कुठं राहिला? दुसरं म्हणजे तोच पालमचा पाणाडी मागं कधी गावात आला असताना ओढ्याकडे हात करून गेला होता. त्यानं दाखवली ती जागा सोडून दुसरी दाखवायची, हे माझ्या मनात आधीच ठरलं होतं. त्या नजरेनं जमीन मी अजून पाहिलीही नव्हती.

मग मी जे केलं ते अगदी शिस्तीत केलं. सुतळी ताणून रानात पट्टे आखले. लोहाराकडून एक सळई टोकदार करून घेतली. गणवेशाची पँट घालून पोटावर पडलो आणि चार बोटं, चार बोटं करत सळई तिरकी खुपसत पुढे सरकलो. सगळी वस्ती बांधावर बसली होती. म्हातारे लोक माझ्याकडे असे बघत होते की मी काही मोठं कठीण काम करतोय. एकदा मी कान जमिनीला लावला. कशाला लावला, काय ऐकायचं होतं, देव जाणे. लोक बघतायत म्हणून लावला, हेच खरं.

घरांच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, सळई एका ठिकाणी सुळकन आत गेली. उंदराचं बीळ असणार. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "इथं."

काकांनी तिथं दगड रोवला. पांढरी पट्टी हवी म्हणून मी काकूच्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून चारी बाजूंनी बांधली. कुणीतरी विचारलं, किती खोल? आमच्याकडे विहीर परसात मोजतात, परस म्हणजे पुरुषभर उंची. काहीतरी आकडा सांगायला हवा होता. मी म्हणालो, चार परस. रजा संपेपर्यंत दीड परस झाला होता. मी स्वतःही रोज खोदत होतो, आणि खोदताना कधीकधी मलाच वाटायचं की लागेल पाणी. खोटं बोलणाऱ्याचं हे एक असतं, थोड्या दिवसांनी त्याचा त्यालाच भरवसा यायला लागतो.

परत सरहद्दीवर गेलो आणि महिन्याभरात काकांचं पहिलं पत्र आलं. तीन परस झाले, मुरूम संपून काळा दगड लागला, हे बरोबर आहे का ते कळव. मी लिहिलं, दगड लागला म्हणजे पाणी जवळ आलं. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही.

दुसरं पत्र आलं. चार परस झाले, पाणी नाही, लोक विचारतात. मी लिहिलं, अजून एक परस जा.

तिसऱ्या पत्रात काकांनी जरा सविस्तर लिहिलं होतं. दगड पहारीला ऐकत नाही. दोनदा वडराला बोलावून सुरुंग लावले. दिवसभर खडी फोडून माणसं येतात, पुरुष खाली उतरतात, बायका वरून दोरानं टोपल्या ओढतात. तुझ्या काकूचे हात सोलले आहेत, पण ती ऐकत नाही. पाच परस झाले. तू सांगशील तसं करू.

ते पत्र आलं त्या दिवशी आम्ही एक तुकडा शेतमालकाच्या ताब्यात देणार होतो. तुकडा साफ झाला की हवालदारांची रीत अशी होती, की ज्यांनी तो साफ केला त्या सगळ्यांनी एका ओळीत, हातात हात धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. मालकासमोर. नुसतं 'साफ आहे' म्हणायचं नाही. त्या दिवशी पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा आपल्या सुनेला घेऊन कडेला उभा होता, आणि आम्ही अकरा जण वाळूतून चाललो होतो. प्रत्येक वीत मी हातानं तपासलेली होती, तरी प्रत्येक पाऊल मी बघून टाकत होतो. पलीकडे पोहोचलो तेव्हा म्हाताऱ्यानं एकेकाचे हात आपल्या दोन्ही हातांत धरले. मला त्याच्याकडे बघवलं नाही. माझ्या खिशात काकांचं पत्र होतं.

तेव्हा तरी मी खरं लिहायला हवं होतं. दुपारी तंबूत बसून मी कार्ड लिहायला घेतलं, दोनदा 'काका, माझी चूक झाली' असं लिहून फाडलं, आणि तिसऱ्या कार्डावर लिहिलं, सहाव्या परसाला लागेल. तेच टपालात टाकलं.

मे महिन्यात दहा दिवसांची रजा मिळाली. ऊन मी म्हणत होतं. वाण्याच्या दुकानावरून जाताना त्यानं हाक मारली, "काय मिलटरी, पाणी मिलटरीतच ठिवून आलास का?" दुकानातले लोक हसले. मी वर चढलो नाही, त्यानंही बोलावलं नाही.

विहीर सहा परस झाली होती. काठावर घराच्या उंचीचा दगडांचा ढीग. आत वाकून पाहिलं तर तळाला काळा कोरडा दगड आणि त्यावर छिन्नीचे पांढरे ओरखडे. इतकं खोल लोकांनी हातानं खणलं होतं, अर्धपोटी राहून, खडीच्या कामावर मिळणाऱ्या सरकारी सुकडीच्या पिठावर. काकूचे तळहात बघितले. कातडी जाऊन नवी आली होती आणि पुन्हा गेली होती.

मला शिव्या द्यायला हव्या होत्या. कुणीही दिल्या नाहीत. उलट प्रत्येक जण माझीच बाजू घेऊन बोलत होता. सरकारनं पोराला मशीन दिलं नाही, त्यानं अंदाजानं इतकं केलं, अजून एखाद्या परसात लागेल, असं. लोक सातवा परस सुरू करायच्या तयारीत होते. आणि तिकडे आडावर बायकांचे हाल वाढले होते. काका जे बोलून आले होते ते गावात कुणी विसरलं नव्हतं. आमची बाई घागर घेऊन गेली की वरची म्हणायची, तुमची विहीर झाली म्हणं, तिकडंच भरा की. आणि सगळ्यांच्या घागरी भरून झाल्यावर, शेवटी, गाळाचं पाणी ओतायची. हे मला काकूनं सांगितलं नाही. मी स्वतः लांब उभं राहून पाहिलं.

त्या संध्याकाळी काका विहिरीच्या काठावर एकटेच बसले होते. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. शेवटी बोललो.

"काका, त्या मशीनीला पाणी कळत न्हाई. निस्तं लोखंड कळतंय. मला काईच दिसलं नव्हतं."

"मला ठावं हाय," काका म्हणाले.

"कवापसून?"

"तुझ्या दुसऱ्या चिठ्ठीपसून. पहिलीत तू लिव्हलास, दगड लागला की पाणी जवळ. दुसरीत लिव्हलास, अजून एक परस. दगड कसला हाय, किती हाय, कायबी इचारलं न्हाईस. ज्याला दिसतंय, त्यो इचारतो."

"मंग थांबवलं का न्हाईत?"

काकांनी वाकून विहिरीच्या तळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "थांबवलं असतं तर लोकांनी इचारलं असतं, का म्हणून. मंग मला सांगावं लागलं असतं, आपलं पोरगं खोटं बोललं. तुझ्या चिठ्ठ्या मीच वाचून दावायलतो समद्यांना. त्यापरीस दगड फोडलेला बरा वाटला मला. तितकं माझं चुकलं."

ते माझ्यावर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता.

"आता आईक," ते म्हणाले. "परवा ऐतवार हाय. समदे विहारात बसतेत. तू सांग त्यांना. मी सांगितलं तर कुणाला खरं वाटणार न्हाई, म्हणतेल काका थकला. तू सांगितलं तर दोन शिव्या देतेल आन् हितलं काम सोडतेल. पाऊस पडायच्या आत ओढ्याच्या अंगाला नवी धरू. न्हाई तर ही माणसं सातवा परस बी फोडतेल, आठवा बी फोडतेल. तुझ्या एका शब्दावर अडलंय."

"सांगतो," मी म्हणालो.

आणि मला खरंच सांगायचं होतं. शनिवारी दिवसभर मी मनात वाक्यं जुळवत होतो. दुपारी विहिरीवर गेलो तर दोर ओढणाऱ्या बायका सावलीला टेकल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी, माझ्या आईच्या वेळेची, कपाळाला हात लावून माझ्याकडे बघत म्हणाली, "लेकरा, आता किती राह्यलं रं?"

मी म्हणालो, "थोडंच राह्यलंय."

तोंडातून कसं निघालं ते मला आजही सांगता येत नाही. तिच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं दिसलं. मी तिथून निघालो आणि मला कळलं की उद्या विहारात उभं राहणं माझ्याच्यानं होणार नाही. सुरुंगाच्या रानात मी कधी मागं फिरलो नव्हतो. पण तिथं चाळीस माणसं बसलेली नसायची, आणि त्यांचे हात सोललेले नसायचे.

रविवारी उजाडता उजाडता मी ट्रंक भरली. रजेचे सात दिवस शिल्लक होते. काका अंगणात तोंड धूत होते. मी म्हणालो, "निघतो." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं, माझ्याकडे पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. पुढे होऊन माझी ट्रंक उचलून खांद्यावर घेतली. मी नको नको म्हणत होतो, ते पुढे चालत होते. फाटा कोसभर लांब होता. फाट्यावर एसटी आली. त्यांनी ट्रंक टपावर चढवली आणि म्हणाले, "पोचल्यावर चिठ्ठी टाक." मी खिडकीजवळ न बसता आतल्या बाजूला बसलो.

लोकांनी सातवा परस फोडला. मग पाऊस लागला आणि काम थांबलं. त्या पावसाचं पाणी विहिरीत साचलं, दिवाळीपर्यंत हिरवं होऊन आटलं. दोन वर्षांनी सरकारी बोअर आमच्या वस्तीत आला. तो ओढ्याच्या अंगाला घेतला, आणि पाणी लागलं. तोवर दोन उन्हाळे आमच्या बायका आडावर बसल्या. यातला निदान एक उन्हाळा तरी माझ्या नावावर आहे.

पुढच्या वर्षी रजेवर गेलो तेव्हा मी ठरवून गेलो होतो, की कुणी विचारलं तर सगळं सांगून मोकळं व्हायचं. लोक जमले. कुणी विहिरीचा विषयच काढला नाही. ती दोर ओढणारी म्हातारी मात्र काळजीनं म्हणाली, "मागल्या टायमाला लय घाईनं गेलास बाबा. तार आलती म्हणं. लढाई लागली का काय, असं वाटलं आमाला."

मला आधी समजलंच नाही. कसली तार? मग तिच्याच बोलण्यातून समजलं. त्या रविवारी मला फाट्यावर पोहोचवून काका सरळ विहारात गेले होते, आणि जमलेल्या सगळ्या लोकांना त्यांनी सांगितलं होतं की पोराला तार आली, त्याला जावं लागलं. दुसऱ्याच्या अर्जातसुद्धा खोटं अक्षर न लिहिणारा माणूस, बुद्धाच्या तसबिरीसमोर उभा राहून माझ्यासाठी खोटं बोलला होता.

काका तिथंच ओट्यावर अंबाडी सोलत बसले होते. सगळे माझ्याकडे बघत होते. आता खरं सांगायचं तर काका खोटे पडणार, असं मी मनाला समजावलं. खरं तर तेही निमित्तच होतं.

"व्हय," मी म्हणालो. "तार आलती."

काकांचे हात थांबले. त्यांनी मान वर केली नाही. मग पुन्हा सोलायला लागले.

त्यानंतर ते पंधरा वर्षं जगले. मी दरवर्षी जायचो, त्यांच्याशेजारी बसायचो, एका ताटात जेवायचो. माया कमी झाली असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही. यंदा पाऊस येईल का, एवढंसुद्धा नाही.